परक्या मातीतील नाव

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात समुद्रकाठी हेदवी नावाचे एक गाव आहे. टेकडीवर दशभुज गणपतीचे देऊळ, उतारावर आंब्याची कलमे, खाली नारळी-पोफळींच्या सावलीत विसावलेली घरे आणि त्यांच्यापलीकडे अफाट पसरलेला समुद्र, असे त्या गावाचे रूप आहे. किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या मंदिराजवळ काळ्या कातळाला एक लांब, अरुंद भेग पडलेली आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी समुद्राची लाट या भेगेत वेगाने शिरते, दोन्ही बाजूंच्या खडकांत कोंडली जाते आणि दुसरी वाट न सापडल्यामुळे मोठा आवाज करीत उंच उसळते. पाहणारा क्षणभर मागे सरतो. ओहोटी लागली की तीच घळ शांत होते.

कोकणातील अशा गावांना समुद्राने मासे दिले, तसा परमुलखाचा रस्ताही दिला. पूर्वी दाभोळ, जयगड यांसारख्या बंदरांत आगबोट लागे आणि गावचे तरुण पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरीत. कोणी गिरणीत जाई, कोणी जहाजावर, कोणी पलटणीत. मागे राहिलेली माणसे टपालवाल्याकडे डोळे लावून बसत. गेलेल्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे कोकणातील घरांना कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु गाव सोडणारा माणूस रिकाम्या हाताने जात नसे. तो गावाला आपल्या नावात बांधून घेऊन जाई. गुहागरचा तो गुहागरकर, चिपळूणचा तो चिपळूणकर, दाभोळचा तो दाभोळकर. 'कर' ही दोनच अक्षरे. पण त्यांच्यात घर, अंगण, देऊळ, नदी, वेस असे सारे सामावलेले असते. पिढ्या लोटल्या, त्या गावी आता आपले कोणी उरले नाही, तरी ही दोन अक्षरे मनुष्याला सांगत राहतात, की बाबा रे, तू कोठून तरी आलेला आहेस.

हीच 'कर' अक्षरे फ्रान्स देशातील एका पांढऱ्या दगडावर रोमन लिपीत कोरलेली आहेत. आमियाँ या शहराच्या आग्नेयेस हांगार नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्याच्या दफनभूमीला लागून पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांची विश्रांतिभूमी आहे. तेथे पाचशेहून अधिक सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. त्यांतील कितीतरी जणांची ओळखसुद्धा पटलेली नाही. या परक्यांच्या मेळ्यात एक नाव आपल्या ओळखीचे आहे. ते नाव म्हणजे मुंबईचा लढाऊ वैमानिक लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. १९१८ सालच्या जूनअखेरीस तो मृत्यू पावला.

श्रीकृष्ण वेलिणकर हा मुंबईचा सुशिक्षित तरुण उच्च शिक्षणासाठी इंग्लंडात गेला. केंब्रिज येथील प्रसिद्ध विद्यापीठात तो शिकला. १९१४ साली युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला आणि त्याच्याबरोबरीचे विद्यार्थी वर्ग सोडून रणांगणाकडे धावू लागले. वेलिणकराच्या मनाने मात्र आकाशाची ओढ घेतली. त्या काळी विमान ही अगदी नवलाची वस्तू होती. अमेरिकेत राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले, ते अवघे बारा सेकंदांचे होते. तेवढ्या वेळात त्यांचे यंत्र सुमारे १२० फूट गेले. त्यानंतर पुरती अकरा वर्षेही लोटली नव्हती, तोच माणसाने त्या यंत्रावर बंदुका चढविल्या आणि आकाशाचेही रणांगण केले.

वैमानिक होणे भारतीय तरुणाला सोपे नव्हते. आपल्या देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. भारतीय शिपाई कितीही शूर असला, तरी सुभेदार-मेजरच्या पदाशी त्याची वाट संपत असे. गोऱ्या सैनिकांना हुकूम देणारे अधिकारपद भारतीयाला द्यावयाचे, ही कल्पनाच राज्यकर्त्यांना मानवत नव्हती. आणि विमान चालविणारा तर बहुधा अधिकारीच असे. म्हणून आकाशाचे दार भारतीयांना बंद होते.

तरीही काही तरुणांनी ते दार ठोठावले. त्यांतील चौघांची नावे आजही आदराने घेतली जातात. हरदितसिंग मलिक या शीख तरुणाला आरंभी नकार मिळाला. तो निराश न होता फ्रान्सला गेला आणि तेथील रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागला. पुढे १९१७ साली त्याला हवाई दलात प्रवेश मिळाला. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण घालून तो विमान चालवी. एका झुंजीत त्याच्या पायात गोळ्या शिरल्या; पण तो वाचला आणि १९८५ सालापर्यंत जगला. दुसरा एरल चंदर सेन. तो १९१७ साली शत्रूच्या हाती सापडला आणि त्याने युद्धकैद भोगली. तिसरा कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय. दृष्टी अधू आहे असे सांगून त्याला प्रथम नाकारण्यात आले. त्याने दुसऱ्या तज्ज्ञाकडून डोळे तपासून घेतले आणि आपला हक्क मिळविला. १९१८ सालच्या जुलै महिन्यात, तेरा दिवसांत शत्रूची दहा विमाने पाडल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. २२ जुलै रोजी तोही पडला. तेव्हा त्याला विसावे वर्षसुद्धा पुरे झाले नव्हते. आणि चौथा आपला श्रीकृष्ण वेलिणकर.

वेलिणकर तेविसाव्या तुकडीत होता. या तुकडीजवळ 'डॉल्फिन' जातीची विमाने होती. आजच्या मुलांनी ते विमान पाहिले, तर त्यांना ते मोठे खेळणेच वाटेल. लाकडाचा सांगाडा, त्याला ताणून बसविलेले कापड, आणि एकावर एक असे दोन पंख तारांनी आवळलेले. विमानात जागा एकाच माणसाची. बसण्याची खोबण अशी, की वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर निघे. त्यामुळे त्याला आकाश चांगले दिसे. पण उतरताना विमान उलटले, तर पहिला आघात त्याच्याच मस्तकावर व्हावयाचा. वर छप्पर नाही, ऊब नाही. पंधरा हजार फुटांच्या उंचीवर थंडीने बोटे बधिर होत आणि हवा विरळ झाल्याने श्वास कोंडे. इंग्रजांच्या वैमानिकांना त्या युद्धात हवाई छत्रीही दिली जात नव्हती. विमानाने पेट घेतला, तर त्यातून सुटका नव्हती. हे सारे ठाऊक असूनही ही कोवळी मुले पहाटे उठत, यंत्र सुरू करीत आणि धुक्यातून वर जात.

१९१८ सालचा वसंत ऋतू फार कठीण गेला. २१ मार्च रोजी जर्मन सैन्याने मोठी चढाई केली आणि आमियाँ शहराच्या जवळपर्यंत मुसंडी मारली. सोम नदीच्या परिसरातील गावे बेचिराख झाली. जमिनीवर सैन्ये समोरासमोर ठाकली होती आणि वर त्यांचे वैमानिक एकमेकांचा माग काढीत होते. अशा दिवसांत, जून महिन्याच्या अखेरीस, वेलिणकर गस्तीवर गेला. विमाने परतली, त्याचे विमान परतले नाही. शत्रूच्या हद्दीत तो खाली आला होता. तेथेच जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांमुळे त्याचा अंत झाला.

रणांगणावरून घरी जाणाऱ्या वार्तांमध्ये एक शब्द मृत्यूहूनही क्रूर होता. तो शब्द म्हणजे 'बेपत्ता'. मृत्यूची वार्ता आली, तर घर रडते, शेजारपाजार धावून येतो, दहावा-तेरावा होतो आणि हळूहळू दुःखाला वाट मिळते. बेपत्ता झालेल्यासाठी रडावे तर अशुभ, आणि हसावे तर कसे? दारावर थाप पडली की काळीज धडधडते. आई त्याचे ताट बाजूला ठेवते. वडील वर्तमानपत्रातील नावांवरून पुन्हा पुन्हा नजर फिरवितात. बामणघळीत कोंडलेल्या पाण्यासारखे ते दुःख आतल्या आत आपटत राहते. त्या चार वर्षांत युरोपातील आणि भारतातील हजारो घरांनी हे दुःख सोसले. वेलिणकर परतला नाही, तेव्हा मुंबईतील एका घराच्या वाट्यालाही तेच आले.

युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. मग एक वेगळेच काम सुरू झाले. नांगराविनाच उखडून निघालेल्या त्या शेतांतून, कोसळलेल्या खंदकांतून, घाईघाईने केलेल्या कबरींतून मृतांचा शोध घ्यावयाचा आणि प्रत्येकाला त्याचे नाव परत द्यावयाचे! परक्या भाषेतील नावे लिहिताना लेखनिक गोंधळत; लाकडी फळ्यांवरील अक्षरे पावसाने पुसली जात. तरीही माणसे चिकाटीने शोधत राहिली. याच शोधात वेलिणकराची कबर ओळखली गेली आणि हांगार येथील विश्रांतिभूमीत त्याला कायमची जागा मिळाली.

हे काम करणाऱ्या युद्धकबर आयोगाची स्थापना १९१७ साली झाली होती. आयोगाने काही नियम ठरविले. सैनिक जेथे पडला, त्याच देशात त्याने विसावा घ्यावा. श्रीमंतांनी आपली मुले घरी न्यावीत आणि गरिबांची मागे राहावीत, असा भेद नको. सेनापती असो की साधा शिपाई, दोघांच्याही माथ्याशी सारख्याच मापाचा दगड असावा. प्रत्येक दगडावर नाव असावे, आणि त्याखाली घरच्या माणसांना वाटल्यास त्यांनी आपल्या शब्दांत एखादी ओळ कोरवून घ्यावी. या ओळीसाठी ६६ अक्षरांची मर्यादा होती. साऱ्या आयुष्याचे प्रेम ६६ अक्षरांत बसवावयाचे! किती घरांनी कागद पुन्हा पुन्हा फाडले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. एस्तव्हेल गावी इंद्रलाल रॉयच्या कबरीवर आजही बंगाली अक्षरे कोरलेली दिसतात. उत्तर फ्रान्सच्या त्या खेड्यात ती अक्षरे वाचणारे फार थोडे. पण ती वाचली जावीत म्हणून कोरलेली नाहीत. आपल्या मुलाला आपली भाषा ऐकू यावी, म्हणून ती तेथे आहेत.

येथे कोणी विचारील, की हे युद्ध तर इंग्रजांचे होते. मग पारतंत्र्यातील मुलाने राज्यकर्त्यांसाठी प्राण का द्यावेत, आणि आपण त्याचे स्मरण तरी का करावे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे त्या युद्धासाठी समुद्रापार गेली. त्यांतील सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. या त्यागाचे फळ म्हणून स्वराज्य मिळेल, अशी पुष्कळांची आशा होती. प्रत्यक्षात १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडण्यात आल्या. हा विश्वासघात इतिहास विसरणार नाही.

परंतु राज्यकर्त्यांचा दोष मृत तरुणाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. 'तुमच्याने हे जमणार नाही' असे ज्यांच्या पिढीला सतत सांगितले गेले, त्यांनी ते करून दाखविले, हे वेलिणकर आणि त्याचे सोबती यांचे मोल आहे. त्यांच्यानंतर भारतीयाला विमान चालविता येते की नाही, हा वाद कोणाला प्रामाणिकपणे करता आला नाही. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुदलाची स्थापना झाली. १९५४ साली त्या दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, ते सुब्रतो मुखर्जी. ते इंद्रलाल रॉयचे भाचे होते. मामा ज्या आकाशात पडला, त्याच आकाशाची राखण भाच्याच्या हाती आली. आणि यावेळी ध्वज आपला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. वेलिणकर अधिकारी होता. म्हणून त्याचा शोध झाला, दगड मिळाला, नाव राहिले. त्याच युद्धात रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून कितीतरी तरुण पलटणीत भरती झाले होते. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. कूत या गावी त्यांतील काही पलटणी वेढ्यात अडकल्या. अन्न संपले, घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली, आणि १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, सैन्याला शरण जावे लागले. कित्येकांनी कैदेच्या वाटेवर वाळवंटातच देह ठेवला. पुढे बसऱ्याला त्या मोहिमेतील मृतांचे भव्य स्मारक उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. सर्वांना सारखा मान, हा नियम समुद्र ओलांडून पूर्वेकडे येताच विसरला गेला. शंभर वर्षांनंतर, २०२१ साली, त्या आयोगाने ही चूक उघडपणे मान्य केली आणि क्षमा मागितली.

आकड्याला आई नसते, गाव नसते. नावाला ते सारे असते. ज्याच्या मागे आकडा राहिला, तोही कोणाचा तरी दादा होता. त्याच्याही घरी उंबऱ्यावर बसून कोणी संध्याकाळ केली होती. म्हणून एका वेलिणकराची आठवण काढताना, ज्यांची नावे दगडावर आली नाहीत, त्यांच्यासाठीही क्षणभर मस्तक लवले पाहिजे. ओळखीच्या एका नावाने अनोळखी हजारांची आठवण करून द्यावी, हेच स्मरणाचे खरे काम आहे.

युद्धाची हौस वाटावी, म्हणून वीरांची आठवण करावयाची नसते. युद्धाची किंमत कळावी, म्हणून ती करावयाची असते. त्या विश्रांतिभूमीत मित्र कोण आणि शत्रू कोण, हे गवताला ठाऊक नाही. वेलिणकरावर गोळ्या झाडणाराही एखादा विशीतलाच मुलगा असेल, आणि त्याच्याही आईने टपालवाल्याची वाट पाहिली असेल. जे वय झाडावर चढण्याचे, पुस्तके वाचण्याचे, मोठी स्वप्ने पाहण्याचे, त्या वयाच्या लाखो मुलांना जगाने मातीत घातले. हा हिशेब कोणत्याही विजयाने पुरा होत नाही.

आज हांगारच्या परिसरात पुन्हा शेते पिकतात. विश्रांतिभूमीतील गवत माळी नेमाने कापतो, दगड धुऊन स्वच्छ ठेवतो, कबरींच्या कडेला फुलझाडे लावतो. वेलिणकर हे नाव उच्चारताना त्याची जीभ कदाचित अडखळत असेल. 'कर' या अक्षरांचा अर्थ त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो आपल्याला ठाऊक आहे. परमुलखात पडलेल्या त्या तरुणाचे नाव नीट उच्चारणे, ते कोठून आले हे जाणणे आणि ते पुढच्या पिढीला सांगणे, एवढे काम त्याने आपल्यासाठी मागे ठेवले आहे.